दहा टक्क्यांच्या अलीकडचे मालक
(छोट्या भागधारकांसाठीच्या हस्तपुस्तिकेची प्रस्तावना)

कंपनी कायदा, 2013 च्या कलम 96 मध्ये एक साधी अट आहे. कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा तिच्या नोंदणीकृत कार्यालयात, नाहीतर ते कार्यालय ज्या शहरात किंवा गावात असेल तिथेच कुठेतरी भरवायची. वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, आणि राष्ट्रीय सुट्टीचा दिवस टाळायचा. वडोदऱ्याजवळच्या वाघोडियाकडे या कलमातून पाहिले की गाव निराळे दिसू लागते. इथल्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत मुंजाल ऑटो इंडस्ट्रीज आणि ट्वेंटी मायक्रॉन्स या शेअर बाजारात नोंदलेल्या दोन कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालये आहेत. एक गाड्यांचे सुटे भाग बनवते, दुसरी औद्योगिक खनिजांची पूड. इचलकरंजीच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने यांपैकी एकीचे शंभर शेअर घेतले, की मालक या नात्याने त्याला सभेचे बोलावणे वाघोडियातून जाते. कामगारांच्या बसगाड्या आणि मालमोटारी यांच्यापलीकडे या गावाला असाही एक कायदेशीर मान आहे, हे गावातल्याच अनेकांना ठाऊक नसते.

या बोलावण्याचे रूप गेल्या काही वर्षांत बदलले. करोनाच्या साथीत, मे 2020 मध्ये, केंद्र सरकारने परिपत्रक काढून वार्षिक सभा व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यायला परवानगी दिली. साथ सरली तरी सवलतीला मुदतवाढ मिळत गेली. यात छोट्या भागधारकाची सोय आहेच. रत्नागिरीत बसून वाघोडियाची सभा ऐकता येते, प्रवासखर्च वाचतो. पण बोलायचे असेल तर आधी नाव नोंदवावे लागते, आपली पाळी कधी येणार ते कंपनी ठरवते आणि आवाज बंद करण्याचे बटणही तिच्याच हाती असते. सभागृहात उभे राहून ‘अध्यक्षमहाराज, उत्तर मिळालेले नाही’ असे म्हणणारा माणूस पडद्यावर एक छोटी चौकट होऊन जातो.

ही पुस्तिका त्या चौकटीतल्या माणसासाठी आहे. मार्च 2020 मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांनी दहा कोटींचा आकडा ओलांडला आणि 2024 संपताना ती अठरा कोटींच्या पुढे गेली. एकाच माणसाची दोन-तीन खाती असतात हे धरले तरी वाढ प्रचंड आहे. वडोदऱ्याच्या मराठी वस्तीत या गर्दीची दोन टोके भेटतात. एका टोकाला जीआयडीसीत पाळीवर जाणारा तरुण. दुपारच्या सुट्टीत मोबाइलवर तो पाच-दहा शेअर घेतो. त्याला भाव तोंडपाठ असतो, पण त्या शेअरसोबत मतही आले आहे याची कल्पना नसते. दुसऱ्या टोकाला दांडिया बाजारातले जुने घर. तिथल्या कपाटात आजोबांच्या नावाची कागदी प्रमाणपत्रे पडून असतात. सात वर्षे लाभांश कोणी उचलला नाही म्हणून तो लाभांश, आणि त्यामागोमाग ते शेअरही, गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे, कधीच गेलेले असतात. दोघेही कायद्याने मालक आहेत. त्या मालकीत नेमके काय येते आणि त्यातले काय हळूहळू निसटत चालले आहे, हे सांगणे या प्रस्तावनेचे काम.

वडोदऱ्याला हा विषय परका नाही. सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानाने 1897 मध्येच स्वतःचा कंपनी कायदा केला होता. त्याच कायद्याखाली 20 जुलै 1908 रोजी बँक ऑफ बडोदा उभी राहिली. वसूल भांडवल होते दहा लाख रुपये. त्याच्या आदल्या वर्षी अलेंबिक निघाली होती आणि तिच्या संस्थापकांत कोटिभास्कर हे मराठी नाव होते. चार लोकांचा पैसा एकत्र करून धंदा उभारायचा तर पैसे देणाऱ्याला कायद्याचा भरवसा हवा, हे त्या काळच्या बडोद्याला कळले होते. स्वतंत्र भारताचा पहिला मोठा कंपनी कायदा 1 एप्रिल 1956 पासून लागू झाला. तो संसदेतून पार नेला तेव्हा अर्थमंत्री होते रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख.

कंपनी चालते बहुमतावर, आणि बहुमत मोजायचे ते डोक्यांवर नव्हे, शेअरांवर. इंग्लंडमधल्या 1843 च्या ‘फॉस विरुद्ध हार्बॉटल’ या खटल्यापासून न्यायालयांची सर्वसाधारण भूमिका अशी राहिली, की कंपनीचे काही नुकसान झाले असेल तर दाद कंपनीनेच मागावी. बहुमताला जे चालते त्यात एकट्या भागधारकाने कोर्टाला ओढू नये. हा नियम जसाच्या तसा ठेवला, तर साठ-सत्तर टक्के शेअर बाळगणाऱ्या प्रवर्तकापुढे बाकीचे सगळे हात बांधून बसतील. म्हणून प्रत्येक कंपनी कायद्याने अल्पमतासाठी काही खास मार्ग ठेवले. आपल्या 2013 च्या कायद्यातही ते आहेत. अन्याय आणि गैरकारभाराविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाता येते, विशेष सभा बोलावता येते, विलीनीकरणाच्या योजनेला हरकत घेता येते, सामूहिक दावा लावता येतो, छोट्या भागधारकांचा संचालक निवडता येतो.

यादी वाचून बरे वाटते. पण प्रत्येक मार्गाच्या तोंडाशी एक आकडा बसलेला आहे. विशेष सभा बोलवायची तर मताधिकार असलेल्या भांडवलाचा दहावा हिस्सा जवळ हवा. सभेत आपला ठराव मांडायचा तरी तेवढाच. अन्यायाविरुद्ध अर्ज करायचा तर शंभर सभासद किंवा एकूण सभासदांचा दहावा हिस्सा यांतला जो आकडा लहान तो, नाहीतर दहा टक्के भांडवल. योजनेला हरकत घ्यायची तर पुन्हा दहा टक्के. छोट्या भागधारकांचा संचालक मागायला एक हजार छोटे भागधारक किंवा त्यांचा दहावा हिस्सा, यांतला लहान आकडा; आणि एवढे करूनही कलम 151 ची भाषा ‘नेमावा’ अशी नाही, ‘नेमता येईल’ अशी आहे.

या पुस्तिकेचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: छोट्या भागधारकाचा हक्क सहसा कोणी रद्द करत नाही; तो जिथे चालायचा तिथला आकडा बदलतो, किंवा त्याची संमती गृहीत धरली जाते, किंवा ज्या माहितीवर त्याने मत द्यायचे ती माहितीच कमी केली जाते. कंपन्यांना सोयीच्या कायद्यांची ओळख पटवायची तर ठळक मथळे वाचून भागत नाही. हे तीन बदल शोधावे लागतात.

आकड्याचे ताजे उदाहरण वडोदऱ्याशी जोडलेले आहे. आयसीआयसीआय बँकेचे नोंदणीकृत कार्यालय इथल्या जुन्या पादरा रस्त्यावर, चकली सर्कलजवळ आहे. तिची शेअरदलालीतली उपकंपनी आयसीआयसीआय सिक्युरिटीज एप्रिल 2018 मध्ये बाजारात नोंदली गेली. लोकांनी शेअर 520 रुपयांना घेतले होते. जून 2023 मध्ये बँकेने ही कंपनी बाजारातून काढून पूर्णपणे आपल्याकडे घ्यायचे ठरवले. सिक्युरिटीजच्या शंभर शेअरांना बँकेचे 67 शेअर, असा बदला ठरला. तेव्हा एरवी कंपनी बाजारातून काढायची तर भाव भागधारकांच्या बोलींवरून ठरत असे आणि प्रवर्तकाकडे नव्वद टक्के शेअर जमल्याशिवाय काम होत नसे. पण बाजारनियामक सेबीच्या 2021 च्या नियमांत उपकंपन्यांसाठी एक वेगळी वाट आहे. दोन्ही कंपन्या एकाच प्रकारच्या धंद्यात असतील तर विलीनीकरणासारखी योजना आणता येते. तिथे बोली नाही. बाहेरच्या भागधारकांची बाजूची मते विरोधी मतांच्या दुप्पट भरली की झाले. बँकेचा धंदा आणि दलालीचा धंदा एक कसा, हा प्रश्न होताच. त्या अटीतून सेबीने सूट दिली.

मार्च 2024 मध्ये मतदान झाले. बाहेरच्या भागधारकांची सुमारे 72 टक्के मते बाजूने पडली. गरज होती दोन-तृतीयांशांची, म्हणजे ठराव थोडक्या फरकाने तरला. संस्थात्मक गुंतवणूकदारांना वेगळे काढले तर चित्र उलटे होते. बाकीच्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश मते विरोधात होती. मतदानाच्या काळात बँकेची माणसे भागधारकांना फोन करत होती, अशा तक्रारी झाल्या. अधिकाधिक लोकांनी मतदानात भाग घ्यावा एवढाच हेतू होता, असे बँकेचे म्हणणे. सेबीने जून 2024 मध्ये बँकेला प्रशासकीय ताकीद दिली. क्वांटम म्युच्युअल फंड आणि एक वैयक्तिक भागधारक राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे गेले. तिथे दहा टक्क्यांचा आकडा आडवा आला. फंडाचा हिस्सा एका टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी होता. ऑगस्ट 2024 मध्ये हरकती फेटाळल्या गेल्या, मार्च 2025 मध्ये अपीलही फेटाळले गेले आणि त्याच महिन्यात शेअर बाजारातून गेला.

इथे गणित मांडून पाहावे. बँकेकडे जवळपास पंचाहत्तर टक्के शेअर होते, बाहेर राहिले पंचवीस. हरकत घ्यायला एकूण भांडवलाच्या दहा टक्के लागत असतील, तर बाहेरच्या सगळ्या शेअरांपैकी पाचातले दोन एका ठिकाणी यायला हवेत. कंपनीचे बाजारमूल्य वीस हजार कोटींच्या पुढे होते. म्हणजे नुसती हरकत नोंदवायला दोन हजार कोटींहून जास्त किमतीचे शेअर हवेत. 520 रुपयांना पंचवीस शेअर घेतलेल्या माणसाचे म्हणणे बरोबर होते की चूक, हा प्रश्न उरतच नाही. ते ऐकून घ्यायच्या आधीच त्याला परत पाठवता येते.

दुसरा बदल संमतीचा. त्यासाठी दक्षिण महाराष्ट्रातल्या दोन बँका शेजारीशेजारी ठेवल्या तर पुरे. 1916 सालची सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. दोन्हीकडच्या भागधारकांपुढे योजना आली, त्यांनी मत दिले, आणि सांगली बँकेच्या 925 शेअरांना आयसीआयसीआय बँकेचे 100 शेअर मिळाले. सांगलीतली कितीतरी कुटुंबे अशा रीतीने वडोदऱ्यात नोंदलेल्या कंपनीची सभासद झाली. त्याच सुमाराची साताऱ्याची गोष्ट निराळी. 1936 सालच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर 2006 च्या सुरुवातीला निर्बंध आले आणि महिनाभरात ती आयडीबीआयकडे गेली. भागधारकांच्या हाती शेअरमागे 28 रुपये पडले. त्यांचे मत घेतले गेले नाही, कारण बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 45 खाली ते घ्यावेच लागत नाही. रिझर्व्ह बँक योजना करते आणि सरकार मंजूर करते. साताऱ्यात तेव्हा झालेला संताप भावापुरता नव्हता. आपल्या गावच्या बँकेचा निकाल लागताना आपल्याला कोणी विचारलेही नाही, याचा तो होता.

सरकारी बँकांतही हाच प्रकार. 1 एप्रिल 2019 पासून देना बँक आणि विजया बँक या दोन्ही बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. विजया बँकेच्या हजार शेअरांना बडोद्याचे 402, देना बँकेच्या हजारांना 110. हे प्रमाण राजपत्रातून आले, सभेच्या मतदानातून नाही. राष्ट्रीयीकृत बँकांच्या कायद्यात त्यासाठी सभा लागत नाही.

2016 ची दिवाळखोरी संहिता आणखी एक पाऊल पुढे गेली. कर्जबाजारी कंपनी नव्या मालकाकडे जाताना धनको आधी आणि भागधारक सर्वांत शेवटी, हे ठीकच आहे; ज्याने जोखीम पत्करली त्याने तोटाही सोसावा. पण 2018 च्या दुरुस्तीने कलम 30 ला एक स्पष्टीकरण जोडले. कंपनी कायद्याप्रमाणे एखाद्या गोष्टीला भागधारकांची मंजुरी लागत असेल, तर निवारण योजनेपुरती ती मिळाली असे मानले जाईल. सभा नाही, मतदान नाही, तरी संमती आहे. गृहकर्ज देणारी डीएचएफएल नव्या मालकाकडे गेली तेव्हा जून 2021 मध्ये तिचे शेअर बाजारातून गेले आणि भागधारकांच्या हाती शून्य राहिले. वडोदरा जिल्ह्यातली, सावली तालुक्यातल्या वडदल्याची डायमंड पॉवर याच संहितेच्या वाटेने गेली. बँकांची 2,654 कोटींची फसवणूक केल्याच्या आरोपावरून 2018 मध्ये सीबीआयने तिच्यावर गुन्हा नोंदवला, कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि 2022 मध्ये नव्या मालकाची योजना मंजूर झाली. अशा प्रकरणांत छोटा भागधारक दोनदा मार खातो. आधी कारभारात काय चालले आहे ते त्याला कळत नाही. मग सुटकेचा आराखडा ठरताना त्याचा होकार गृहीत धरला जातो.

तिसरा बदल माहितीचा, आणि त्याचा इतिहास मुंबईत सुरू होतो. 1957 मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचे ठरवले. एका भागधारकाने विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती छगला यांच्या मुंबई उच्च न्यायालयाने बदल मंजूर केला, कारण तेव्हाच्या कायद्यात त्याला आडकाठी नव्हती. पण अशा पैशाने लोकशाहीला धोका होऊ शकतो, असा स्पष्ट इशाराही दिला. पुढे 1969 मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदी आली. 1985 मध्ये नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत त्या पुन्हा सुरू झाल्या आणि 2013 च्या कायद्याने ही मर्यादा मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के केली. मग 2017 च्या वित्त कायद्याने कलम 182 मधली मर्यादाच काढून टाकली, आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे हिशेबात दाखवण्याची अटही. त्याच कायद्यातून निवडणूक रोखे आले. तोट्यातली कंपनीही हवी तेवढी देणगी देऊ शकत होती, आणि पैसा कुठे गेला हे तिच्या मालकांना, म्हणजे भागधारकांना, कळायची सोय नव्हती. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रोख्यांची ही योजना आणि अमर्याद देणग्यांची वाट मोकळी करणारी ती दुरुस्ती, दोन्ही घटनाबाह्य ठरवल्या. चर्चा मतदाराच्या माहितीच्या हक्काची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या सात वर्षांत आणखी एक माणूस अंधारात होता. ज्याच्या नफ्यातून देणगी जात होती, तो.

हे तिन्ही बदल दर वेळी दुष्ट हेतूने होतात असे समजणे चूक ठरेल. बुडत्या बँकेला वाचवायला कधीकधी दोनच दिवस हातात असतात. एकवीस दिवसांची नोटीस देऊन सभा भरवली तर तोवर ठेवीदार दारात रांग लावतील. दिवाळखोरीत प्रत्येक गटाला नकाराधिकार दिला तर कारखाना गंजून जाईल आणि वाघोडियासारख्या गावातला कामगार घरी बसेल. दहा शेअर घेऊन कंपनीला कोर्टात खेचायचे आणि तडजोडीत पैसे काढायचे, असा धंदा करणारेही जगात आहेत. म्हणून एखादा आकडा असणे समजू शकते. प्रश्न तो कोण ठरवतो आणि कोणाचे ऐकून ठरवतो, हा आहे. 2013 च्या कायद्याने संबंधित पक्षांशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारांना विशेष ठरावाची, म्हणजे तीन-चतुर्थांश मतांची, अट घातली होती. उद्योगांनी कुरकुर केली आणि 2015 च्या दुरुस्तीने साधे बहुमत पुरेसे झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मारुती सुझुकीने गुजरातचा कारखाना सुझुकीच्या मालकीत ठेवण्याचा प्रस्ताव छोट्या-मोठ्या बाहेरच्या भागधारकांपुढे मांडला. त्याला जवळपास नव्वद टक्के मते मिळाली, म्हणजे जुन्या अटीतही तो पास झाला असता. मग अट सैल करायची गरज कोणाला होती? ज्यांना इतकी मते कधीच मिळाली नसती, त्यांना.

बाहेरच्या जगातही हाच प्रवाह आहे. अमेरिकेत नऊ शेअर बाळगणाऱ्या एका माणसाने 2018 मध्ये टेस्लाच्या प्रमुखाच्या मोबदल्यावर डेलावेअरच्या कोर्टात दावा लावला आणि तो दावा चालला. निकालाचे पुढे काय झाले हा भाग वेगळा. मुद्दा असा, की नऊ शेअरवाल्याचे कोर्टाने ऐकून घेतले. नंतर टेस्लाने आपली नोंदणी टेक्ससला हलवली. 2025 मध्ये टेक्ससने कायदा करून कंपन्यांना मुभा दिली, की असा दावा लावायला तीन टक्क्यांपर्यंत शेअर हवेत अशी अट आपल्या नियमांत घाला. टेस्लाने ती लगेच घातली. डेलावेअरनेही त्याच वर्षी आपला कायदा कंपन्यांच्या बाजूने सैल केला. कंपन्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ लागल्या, की कायदेही त्यांच्या मागे धावू लागतात.

आपल्याकडे मात्र एकदा प्रवाह उलटाही फिरला होता. 16 डिसेंबर 2008 रोजी सत्यमने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घ्यायचे जाहीर केले. गुंतवणूकदार इतके भडकले की काही तासांतच प्रस्ताव मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, 7 जानेवारी 2009 रोजी, हिशेबातला घोटाळा अध्यक्षांनीच कबूल केला. पुढे अमेरिकेतल्या भागधारकांना तिथल्या सामूहिक दाव्यातून साडेबारा कोटी डॉलरची तडजोड मिळाली. भारतातल्या भागधारकांना तसा कायदाच नव्हता, म्हणून ते रिकाम्या हाताने राहिले. या अनुभवातून 2013 च्या कायद्यात कलम 245 आले. ते प्रत्यक्ष वापरायला लागणारे आकडे ठरायला 2019 उजाडले, हा भाग खेदाचा. पण आता शंभर भागधारक एकत्र आले तर सामूहिक दावा लावता येतो, भांडवलाचा टक्का कितीही असो. अन्यायाविरुद्धच्या अर्जासारखाच हाही आकडा पैशाने नव्हे, माणसांनी गाठता येतो. वाघोडियाच्या एका पाळीत शंभर माणसे सहज असतात.

मताचा उपयोग होतो का, या प्रश्नाचे उत्तर मे 2024 मध्ये नेस्ले इंडियाच्या भागधारकांनी दिले. स्विस मूळ कंपनीला द्यायचा स्वामित्वमोबदला विक्रीच्या साडेचार टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांपर्यंत नेण्याचा ठराव होता. अशा ठरावावर प्रवर्तकाला मत देता येत नाही. निम्म्याहून जास्त मते विरोधात गेली आणि ठराव पडला. बळ अर्थातच म्युच्युअल फंडांचे होते. पण फंडांतला पैसा पगारदारांच्या एसआयपीचा आहे. एप्रिल 2022 पासून सेबीने फंडांना प्रत्येक ठरावावर मत देणे सक्तीचे केले आहे, आणि कोणत्या फंडाने कुठे कसे मत दिले हे त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. ज्याच्याकडे एकही शेअर नाही पण दरमहा हजार रुपये फंडात जातात, त्यालाही आपल्या फंडाला जाब विचारता येतो.

आता पुस्तिकेच्या मांडणीविषयी. पहिल्या भागात सभेची नोटीस कशी वाचायची ते आहे. नोटिशीला जोडलेले स्पष्टीकरणात्मक निवेदन आधी वाचावे, ठराव नंतर. कोणाचा स्वार्थ कुठे गुंतला आहे ते निवेदनातच सांगावे लागते. ठराव साधा की विशेष, आणि त्यावर मत द्यायला कोणाला मनाई आहे, या दोन गोष्टींवर खूण करावी. दुसऱ्या भागात ई-मतदान आहे. ते किमान तीन दिवस खुले असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते. ही वेळ चुकली की मत वाया जाऊ शकते. आधी मत न दिलेल्याला सभेत हजर राहून ते देता येते; त्याची रीत नोटिशीत वाचावी. निकाल दोन कामकाजी दिवसांत शेअर बाजाराकडे जातो. त्यात संस्था आणि इतर भागधारक यांची मते वेगळी दाखवलेली असतात; तो तक्ता पाहायची सवय लावावी.

तिसरा भाग तक्रारींचा. कंपनीकडे लेखी तक्रार, मग सेबीची स्कोअर्स ही व्यवस्था, त्यानंतर ऑनलाइन तडजोड व लवाद, आणि शेवटी न्यायाधिकरण, अशा पायऱ्या त्यात क्रमाने आहेत. चौथ्या भागात आयईपीएफकडे गेलेले शेअर परत कसे मिळवायचे, वारसनोंद आणि नामनिर्देशन कसे करायचे, हे आहे. दांडिया बाजारातल्या कपाटांसाठी हा भाग आधी वाचावा, असे सुचवतो.

पाचवा भाग सर्वांत छोटा आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. नियम बदलण्याआधी सेबी सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध करते आणि लोकांच्या सूचना मागवते. कंपनी व्यवहार मंत्रालयही अनेक वेळा असेच करते. मुदत थोडक्या आठवड्यांची असते. या काळात उद्योगसंघटना, कायदेसल्लागारांच्या कंपन्या आणि मर्चंट बँकर आपापली बाजू पानोपानी लिहून पाठवतात; तो त्यांचा हक्क आहे आणि ते तो बजावतात. छोट्या गुंतवणूकदाराची बाजू बहुधा तिथे पोहोचतच नाही, आणि मग दहा टक्के की पाच टक्के हा निर्णय त्याच्या गैरहजेरीत होतो. पुढे कोर्टात जाऊन त्या आकड्याशी डोके फोडण्यापेक्षा, तो लिहिला जात असताना दोन पाने मराठीत, इंग्रजीत, जमेल तशी पाठवणे स्वस्त पडते. आपले नाव, आपल्याकडचे शेअर, आपला अनुभव आणि एक नेमकी सूचना एवढे पुरते. अशा पत्राचा नमुना पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर दिला आहे. ते पान फाडून वापरण्यासाठीच आहे.